‘फीडबॅक’चा प्रतिशब्द आणि सक्रिय दीर्घिका : एक परिभाषाविचार

इंग्रजी संज्ञेस मराठी प्रतिशब्द कोणता द्यावा, हा वाद बहुधा कोशकारांपुरताच राहतो. शब्द थोडा जड असला तरी पुस्तकात दहावीस वेळा आला की अंगवळणी पडतो, अशी समजूत असते आणि पुष्कळदा ती खरीही ठरते. ‘फीडबॅक’ ह्या संज्ञेची गोष्ट वेगळी आहे. दीर्घिकांमध्ये तारे कसे निर्माण होतात आणि कित्येक मोठ्या दीर्घिकांत ती निर्मिती का खुंटते, ह्यासंबंधीची आजची चर्चा बव्हंशी ह्या एका शब्दाभोवती फिरते. शिक्षणशास्त्रात रूढ झालेला ‘प्रत्याभरण’ हा प्रतिशब्द तेथून उचलून येथे लावला, तर घटनेचे चित्र वाचकाच्या मनात उलटे उमटते. भंडारा जिल्ह्यातील तुमसरसारख्या गावी मराठी पुस्तकावरून खगोलभौतिकी समजून घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यास शंका विचारावयास जाणकार सहसा भेटत नाही. त्याच्यापुरता तो शब्द हाच शिक्षक असतो.

घटना प्रथम पाहू. तारे थंड आणि दाट वायूतून जन्मतात. ज्या मेघांत ते घडतात त्यांचे तापमान शून्याखाली २५० अंश सेल्सियसहूनही कमी असते. वायू तापला की त्याचा दाब वाढतो आणि तो स्वतःच्या गुरुत्वाने कोसळेनासा होतो. दुसरीकडे, बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रस्थानी सूर्याच्या लाखो, क्वचित अब्जावधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्यात पडणाऱ्या द्रव्यापासून, ते आत जाण्यापूर्वी, त्याच्या वस्तुमानाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी ऊर्जा बाहेर पडू शकते. हायड्रोजनच्या अणुसंमीलनात हाच वाटा १ टक्क्याहूनही कमी असतो. कृष्णविवर वाढताना अशी जी एकूण ऊर्जा मुक्त होते, ती दीर्घिकेच्या मध्यभागातील ताऱ्यांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या ऊर्जेच्या अनेक पट भरते. तेव्हा ऊर्जा पुरेशी आहे काय, हा प्रश्नच नव्हे. ती वायूपर्यंत पोहोचते काय, पोहोचली तर वायूचे काय करते, हा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरास ‘फीडबॅक’ म्हणतात.

जाता जाता ‘कृष्णविवर’ ह्या शब्दाविषयी. ‘विवर’ म्हटले की द्रव्य ‘गिळंकृत’ करणेच सुचते, आणि मराठी लेखनात हे क्रियापद त्याच्या पाठीशी हटकून येते. सक्रिय दीर्घिकेच्या संदर्भात मात्र त्या विवराने काय गिळले ह्यापेक्षा त्याच्या तोंडाशी काय उधळले गेले, ह्यालाच महत्त्व आहे.

आता ‘प्रत्याभरण’. मराठी वाचकास ‘आभरण’ म्हणजे अलंकार हा अर्थ प्रथम आठवतो. तो बाजूस ठेवून ‘भरण’ ह्या घटकाकडे पाहिले, तरी ‘पुन्हा भरणे’ हाच बोध होतो. मार्केरियन २३१ ह्या दीर्घिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत काय आढळले? केंद्राकडून बाहेर सुटलेला रेणुरूप वायूचा प्रवाह, वर्षाला सुमारे ७०० सूर्यवस्तुमानांचा. तेथे ताऱ्यांच्या रूपाने वर्षाकाठी खर्च होणारा वायू ह्याहून पुष्कळ कमी. हा वेग कायम राहिला तर केंद्रभागातील साठा सुमारे १ कोटी वर्षांत संपेल. दीर्घिकेच्या आयुष्याच्या मानाने हा काळ अगदी अल्प होय. कोठार रिकामे होण्याच्या क्रियेस भरण म्हणणे ही केवळ शैलीची चूक नाही.

असे असले तरी हा शब्द सर्वस्वी टाकाऊ ठरत नाही. ययाती तारकासमूहाच्या दिशेस एक मोठा दीर्घिकासमूह आहे. त्याच्या मध्यभागी एनजीसी १२७५ ही दीर्घिका असून तिच्याभोवती कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू पसरला आहे. हा वायू क्ष-किरणांच्या रूपाने ऊर्जा गमावतो. तो निवत जाऊन केंद्राकडे ओघळावा आणि त्यातून भराभर तारे निर्माण व्हावेत, असे गणित सांगते. अपेक्षित प्रमाणात ते घडत नाही. चंद्रा क्ष-किरण वेधशाळेने घेतलेल्या प्रतिमांत त्या वायूत प्रचंड पोकळ्या आणि तरंग दिसले. केंद्रातील कृष्णविवराच्या झोतांनी त्या पोकळ्या फुगवल्या आहेत आणि ती ऊर्जा वायूस निवू देत नाही. वायू अधिक निवला तर केंद्रात अधिक द्रव्य पडते, झोत बळावतात, वायू पुन्हा तापतो; तो तापला की केंद्राचा आहार तुटतो व झोत ओसरतात. येथे परिणाम कारणाकडे परत येतो. यंत्रशास्त्रात जिला फीडबॅक म्हणतात ती घटना हीच, आणि ‘प्रत्याभरण’ हा शब्द येथे शोभतो.

इंग्रजीने मात्र एकाच नावाखाली दोन गोष्टी कोंबल्या आहेत. एक, वर सांगितलेले चक्राकार नियमन. दुसरी, केंद्राने सभोवतालच्या वायूवर केलेला आघात, मग त्याचे फळ केंद्राकडे परतो वा न परतो. दुसऱ्या अर्थी ‘बॅक’ हा घटक निव्वळ सवयीने आलेला आहे. ह्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्या भूमीवरूनच मिळाले. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी रेडिओ दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली, तिच्या निरीक्षणांतून डॉ. आनंद होता आणि त्यांच्या ‘रॅड ॲट होम’ ह्या उपक्रमातील स्वयंसेवकांनी एक विलक्षण जोडी हुडकली. तिचे वर्णन २०२२ साली प्रसिद्ध झाले. सुमारे १ अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेल्या ‘रॅड १२’ ह्या दीर्घिकेचा झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळतो आणि पलीकडे अळंबीच्या छत्रीसारखा फुगतो. येथे आघात करणारी दीर्घिका एक आणि तो सोसणारी दुसरी. अशा ठिकाणी ‘प्रति’ हा उपसर्ग कोणाकडे बोट दाखवणार?

तिमिंगल तारकासमूहातील मिंकोव्स्कीचा पदार्थ ह्या नावाने ओळखली जाणारी लहानशी दीर्घिका तर ‘फीडबॅक म्हणजे निर्मितीचा अंत’ ही समजूतच मोडते. शेजारच्या एनजीसी ५४१ ह्या दीर्घिकेचा झोत तिच्यावर आदळला आहे, आणि परिणाम असा की तेथे नवे तारे जन्मास येत आहेत. झोताने वायू दाबला. दाबलेल्या वायूने उष्णता झटकून टाकली व तो आणखी दाट झाला.

मारक आणि तारक अशा दोन्ही परिणामांस पुरेल, मागे परतण्याची सक्ती करणार नाही, असा शब्द मराठीपाशी आहे काय? आहे. तो कोशात नव्हे, स्वयंपाकघरात आहे : फुंकर. फुंकरीने दिवा विझतो आणि फुंकरीनेच चूल पेटते. फुंकणारा तोच, श्वास तोच. फरक समोर काय आहे ह्याचा. विरळ वायू आघाताने तापून पांगतो, दाट वायू निवून आकसतो, हा भेद ह्या शब्दात आपोआप सामावतो. सावधगिरी एवढीच की चूल पेटते ती हवेतील प्राणवायूमुळे आणि दीर्घिकेत ज्वलन मुळीच होत नाही. शिक्षकाने हे सांगितले पाहिजे. उपमेने ते सांगावे अशी अपेक्षा करू नये.

भाताच्या प्रदेशात आणखी एक उपमा सहज सुचते ती उपणणीची. तुमसर ही तांदळाची मोठी बाजारपेठ; वाऱ्यावर धान उपणताना फोलपट उडते आणि दाणा खाली राहतो, हे तेथल्या मुलासही सांगावे लागत नाही. केंद्रातून सुटलेल्या वाऱ्याने विरळ वायू उडून जावा व दाट मेघ जागीच राहावेत, इथपर्यंत ती नेमकी जुळते. मार्केरियन २३१ मध्ये मात्र दाणाही उडालेला दिसतो. म्हणून उपणणी दृष्टांतापुरती ठेवावी, संज्ञेच्या योग्यतेची ती नाही.

संस्कृत परिभाषेच्या कैवाऱ्यांचा आक्षेप येथे ठाऊक असलेलाच आहे : देशी शब्द एका प्रांतापुरता, संस्कृत शब्द साऱ्या भारतीय भाषांना समान. डॉ. रघुवीर यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास नागपुरात बसून धातू, उपसर्ग आणि प्रत्यय ह्यांच्या आधारे जे अवाढव्य कार्य आरंभले, त्यामागे हीच भूमिका होती. तिची कसोटी पाहावयास तुमसर हे ठिकाण अगदी योग्य. १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात होता, आजही सीमा फार दूर नाही, आणि घरोघरी मराठी, हिंदी, पोवारी ह्या बोलींची सरमिसळ चालते. तेथील विद्यार्थ्यास समान संज्ञा मिळाल्या काय? ‘गॅलॅक्सी’ला मराठीत दीर्घिका, हिंदीत मंदाकिनी. ‘फीडबॅक’ला मराठीत प्रत्याभरण, हिंदीत पुनर्भरण किंवा प्रतिपुष्टी. मूळ एक असूनही शब्द एक झाले नाहीत. फुंकर मात्र सीमेपलीकडे ‘फूँक’ म्हणून ओळखू येते.

तरीही संस्कृत नको, असा हट्ट धरण्याचे कारण नाही. ‘दीर्घिका’ हा शब्द ठेवावा, किंबहुना त्याचा जुना अर्थ उजळावा. अमरकोशात तो वापीच्या जोडीस येतो. दीर्घिका म्हणजे लांबट तळे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. बाहेरून येणारे पाणी, पाटाने शेतास जाणारे, सांडव्यावरून वाहणारे आणि ह्या तिन्हींवर ठरणारा साठा, हा हिशेब तेथे पिढ्यान्‌पिढ्या मांडला जात आहे. दीर्घिकेतील वायूचा हिशेब मांडताना पाश्चात्त्य अभ्यासक न्हाणीघरातील टबाचे चित्र वापरतात. तलावाचे चित्र त्याहून सरस आहे, कारण एका तलावाचा सांडवा खालच्या तलावास भरतो आणि दीर्घिकांतून सुटलेला वायूही काही अंशी परत किंवा शेजारी पडतो.

‘सक्रिय’ ह्या विशेषणाविषयी मात्र तडजोड करू नये. सक्रिय दीर्घिका म्हटले की जीत तारे भराभर निर्माण होत आहेत अशी दीर्घिका, असा समज होतो. अभिप्रेत असते ती केंद्रकाची अवस्था. ज्वालामुखीच्या संदर्भात शालेय भूगोलाने जागृत, निद्रिस्त आणि मृत हे तीन शब्द घरोघर पोहोचवले आहेत. ‘जागृत केंद्रक’ म्हणावे; देवस्थानामुळे त्या शब्दास जो धाक आहे तोही येथे अनाठायी नाही. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी सुमारे ४० लक्ष सूर्यवस्तुमानांचे कृष्णविवर आहे आणि ते निद्रिस्त आहे. चकतीच्या वरखाली २०१० साली सापडलेले फर्मी बुडबुडे त्याच्याच पूर्वीच्या जागृतीची खूण असावी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

ह्या जागृती-निद्रेच्या फेऱ्यांमुळे शेवटचा दोष नामापेक्षा क्रियापदात सापडतो. ‘कृष्णविवर तारानिर्मिती थांबवते’ असे रीतिवर्तमानातील वाक्य मराठी लेखांत सर्रास लिहिले जाते. निरीक्षण एका क्षणाचे असते. केंद्रक जागे राहते तो काळ अल्प आणि वायूवरील परिणाम दिसावयास लागणारा काळ दीर्घ. त्यामुळे ज्या दीर्घिकेत आज फुंकर दिसते तीत वायू विपुल असतो आणि तारेही निर्माण होत असतात, असे वारंवार आढळते. जेथे निर्मिती थांबली आहे तेथे फुंकणारा बहुधा झोपी गेलेला असतो. अशा दीर्घिकेविषयी ‘थांबवते’ नव्हे, ‘थांबवली असावी’ असे लिहावे लागेल. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवावा लागत नाही.