संकेतशब्दाचे नियम : एक तपासणी

मुलुंडमधील एका शाळेच्या संगणककक्षात एक तक्ता लावलेला आहे. संकेतशब्द, म्हणजे पासवर्ड, कसा असावा याचे चार नियम त्यावर आहेत : किमान ८ खुणा हव्यात, मोठे रोमन अक्षर, अंक व चिन्ह हवे, दर तीन महिन्यांनी शब्द बदलावा, तो कोठेही लिहू नये. असे तक्ते सर्वत्र दिसतात. शाळेच्या खात्यात मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक असतात. म्हणून हे नियम तपासून घेतले पाहिजेत.

पहिले दोन नियम घेऊ. २६ मोठी व २६ लहान अक्षरे, १० अंक आणि ३२ चिन्हे मिळून ९४ खुणा होतात. त्यांतून ८ खुणांचे सुमारे ६,१०० लाख कोटी शब्द बनतात. पण ही सुरक्षितता प्रत्येक खूण चिठ्ठी टाकून निवडली तरच मिळते. माणूस तसे करीत नाही. रोमन लिपीत 'मुलुंड' लिहा, पहिले अक्षर मोठे ठेवा, पुढे 'ॲट'चे चिन्ह व ४०००८० हा पिनकोड जोडा. १३ खुणांचा हा शब्द साऱ्या अटी पुऱ्या करतो. तरीही गाव, चिन्ह, पिनकोड ही रीत ठाऊक असलेल्या चोराला तो शोधणे सोपे आहे.

तिसऱ्या नियमामुळे शेवटच्या १ चा २ होतो, एवढेच. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले, की जुना शब्द कळला तर नवा पुष्कळदा सहज ओळखता येतो. चौथा नियम पाळायचा तर दहा खात्यांना एकच शब्द ठेवावा लागतो. मग एका ठिकाणची गळती दहाही कुलपे उघडते.

हे नियम आले कोठून? अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेच्या २००४ मधील पुस्तिकेने अशा अटींना मोठे वजन दिले. तिचे एक लेखक बिल बर यांनी २०१७ साली त्यातील बऱ्याच सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी संस्थेने अक्षर-अंक-चिन्हांची सक्ती आणि ठरावीक मुदतीने बदलण्याची अट या दोन्हींविरुद्ध सल्ला दिला. आपले तक्ते मात्र तसेच राहिले.

मग करावे काय? अरनॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये फाशांची रीत सुचवली. फासा पाच वेळा टाकला की ६ × ६ × ६ × ६ × ६, म्हणजे ७,७७६ शब्दांच्या यादीतील एक शब्द मिळतो. असे पाच शब्द जोडले तर होणाऱ्या शक्यता वरील ८ खुणांच्या साडेचार हजार पटींहून अधिक भरतात. शिवाय पाच शब्दांची गोष्ट रचून ते लक्षात ठेवता येतात. प्रत्येक खात्याचा शब्द वेगळा हवा. तो वहीत लिहून वही कुलुपात ठेवण्यात गैर नाही. पडद्याच्या कडेला चिकटवण्यात आहे. सोय असेल तेथे मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकाची जोडही घ्यावी.

नववी-दहावीच्या वर्गात घातांक शिकवताना ही आकडेमोड मुलांकडूनच करून घ्यावी. नंतर जुना तक्ता उतरवून नवा त्यांनाच लिहू द्यावा. नियम का बदलला हे ज्यांनी स्वतः मोजून पाहिले, ते तो विसरणार नाहीत.