'वगळून' या शब्दाखाली रेघ मारा

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींकडून हल्ली एक विषय सारखा कानावर येतो: 'स्वेच्छेने साधी जीवनशैली स्वीकारलेल्यांचा अभ्यास'. कुणाला नोकरी सोडून मातीच्या घरात राहायला गेलेल्यांवर काम करायचंय, कुणाला व्हॅनमध्ये राहणाऱ्यांवर. विषय चांगलाच आहे. माझाही विषय त्याच्या शेजारचाच. म्हणून आधीच सांगून ठेवते, या शीर्षकातला 'साधी' हा शब्द तुम्हाला फारसा त्रास देणार नाही. त्रास देणार तो 'स्वेच्छेने'.

मला तो कसा भोवला ते आधी सांगते. माझ्या पायलट मुलाखतींमध्ये पहिलाच प्रश्न होता, 'हे घर तुम्ही का निवडलंत?' भोरच्या पुढे एका खोलीच्या मातीच्या घरात एकटे राहणारे एक काका होते. त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "निवडलं कसलं ताई, वाटणीत आलं. पण आता दुसरीकडं झोप लागत न्हाई." आता सांगा, हे उत्तर कुठल्या रकान्यात टाकाल? 'स्वेच्छा' की 'नाइलाज'? मी तेव्हा मुकाट्याने 'इतर' मध्ये टाकलं. गाईडनी ते पान पाहिलं आणि विचारलं, "तुझं उत्तर तू प्रश्नातच का लिहून ठेवलंयस?"

त्यानंतर मी या विषयाचं मूळ पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं. हेन्री डेव्हिड थोरोचं 'वॉल्डन', प्रकाशन 1854. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये आपण सगळेच त्याचा एक परिच्छेद देतो आणि पुढे जातो. माहिती साधारण अशी लिहिलेली असते: हार्वर्डमधून शिकलेला तरुण, मॅसॅच्युसेट्समधलं काँकॉर्ड गाव, गावाबाहेरचं तळं, काठावर स्वतःच्या हाताने बांधलेलं दहा बाय पंधरा फुटांचं घर, 4 जुलै 1845 पासून दोन वर्षं दोन महिने तिथे वास्तव्य. माणसाला लागतं किती थोडं, हे त्याने दाखवून दिलं. पूर्णविराम.

तुम्ही मात्र ते पुस्तक काव्य म्हणून वाचू नका, निदान पहिलं प्रकरण तरी नको. तो एक जमाखर्च आहे. घराचा खर्च थोरोने ओळीने मांडलाय. फळ्या 8 डॉलर साडेतीन सेंट. छपराला आणि भिंतींना टाकाऊ लाकडी कौलं, 4 डॉलर. काचांसकट दोन जुन्या खिडक्या 2 डॉलर 43 सेंट. हजार जुन्या विटा 4 डॉलर. खिळे 3 डॉलर 90 सेंट. खडू 1 सेंट, तोही सोडलेला नाही. एकूण 28 डॉलर साडेबारा सेंट. आपल्यासारख्यांसाठी त्याने एक चिमटाही काढून ठेवलाय: विद्यार्थ्याला कॉलेजमधल्या खोलीचं वर्षाचं भाडं 30 डॉलर पडतं, तेवढ्यात जन्माचं घर होतं.

आकडे बेरजेला बरोबर आहेत, मी करून पाहिली. पण यादीच्या लगेच खाली एक वाक्य आहे. त्यात तो सांगतो की हे सगळं सामान लाकूड, दगड आणि वाळू वगळून आहे. त्या तिन्ही गोष्टी त्याने जागेवर बसलेल्या माणसाच्या हक्काने घेतल्या. पुढे राहण्याच्या खर्चाचा हिशोब येतो, तिथेही तेच. धुणं आणि शिवणटिपण वगळून. कारण ती कामं बहुतेक घराबाहेर होत आणि त्यांची बिलं अजून आलेली नाहीत. आणि एक गोष्ट तर यादीत नाहीच, वगळल्याची नोंदही नाही: जमीन. ती त्याचा मित्र राल्फ वाल्डो इमर्सनची होती. थोरोला तिचं भाडं नव्हतं.

इथे एक मोह होतो. इंटरनेटवर तर हा मोह म्हणजेच समीक्षा झालीय. 'कपडे आई धूत होती, आणि हा निघाला साधेपणा शिकवायला!' धुण्याचा हा टोमणा तुम्ही ऐकला असेलच. मला तो आळशी टोमणा वाटतो. माणूस ढोंगी होता की नव्हता यावर प्रबंध होत नाही, भांडण होतं. आणि थोरोच्या बाबतीत तर ते अन्यायाचंही आहे, कारण धुण्याचा हिशोब दिलेला नाही हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. मर्यादा इतक्या स्पष्ट नोंदवणारे संशोधक आजही कमीच सापडतात. गडबड झाली ती त्याच्या वाचकांकडून. आपण एकूण बेरीज उचलली आणि 'वगळून' तिथेच ठेवलं.

म्हणजे खरा प्रश्न त्याच्या प्रामाणिकपणाचा नाही. ज्या गोष्टी यादीबाहेर राहिल्या, त्या ज्यांना फुकट मिळत नव्हत्या ते लोक कुठे होते, हा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर त्याच प्रकरणात, दोन-चार पानं आधी आहे.

फळ्या कुठून आल्या ते पाहा. जेम्स कॉलिन्स नावाचा एक आयरिश मजूर होता, फिचबर्ग रेल्वेच्या कामावरचा. त्याची झोपडी थोरोने 4 डॉलर 25 सेंटला विकत घेतली, मोडून फळ्या काढायला. सौदा असा, की पैसे रात्री द्यायचे, कॉलिन्सने पहाटे पाचला घर सोडायचं आणि सहाला थोरोने ताबा घ्यायचा. कॉलिन्सनेच त्याला लवकर यायला सांगितलं, कारण जागेचं भाडं आणि जळण यांवरून कुणीतरी काही मागण्या घेऊन येण्याची शक्यता होती. सकाळी थोरो निघाला तेव्हा ते कुटुंब त्याला रस्त्यातच भेटलं. एका मोठ्या बोचक्यात सगळा संसार: अंथरूण, कॉफी दळायचं यंत्र, आरसा, कोंबड्या. मांजर तेवढी मागे राहिली, रानात गेली आणि पुढे सापळ्यात सापडून मेली.

हा परिच्छेद मी आधी दोनदा वाचला होता आणि दोन्ही वेळा गंमतीचा म्हणून ओलांडला होता. तिसऱ्यांदा वाचताना 'जागेचं भाडं' या शब्दांवर अडखळले. फळ्या त्याच. आकारही फार वेगळा नसावा. कॉलिन्सचं कुटुंब त्या फळ्यांच्या आत राहत होतं तेव्हा त्याला कुणी प्रयोग म्हटलं नाही. त्याच फळ्या उन्हात वाळवून सरळ करून तळ्याकाठी उभ्या राहिल्या, आणि दीडेकशे वर्षांनंतर 'टायनी हाऊस' वाल्यांचं ते दैवत झालं. मध्ये बदललं काय? एकाच्या डोक्यावर जागेच्या भाड्याची टांगती तलवार होती, दुसऱ्याच्या पायाखाली मित्राची जमीन. एकाला पहाटे पाचला निघायलाच हवं होतं. दुसरा वाटेल तेव्हा निघू शकत होता, आणि 1847 च्या सप्टेंबरात निघालाही.

एवढं सापडल्यावर पुस्तकात अशी माणसं जागोजागी दिसायला लागतात. जॉन फील्ड हा दुसरा आयरिश मजूर. त्याच्या गळक्या झोपडीत पावसापुरता आसरा घेऊन थोरो त्यालाच काटकसर समजावतो. (हा प्रसंग वाचताना मला थोरोचा खरोखर राग येतो. तुम्हाला आला तर तो दाबू नका, फक्त प्रबंधात घालू नका.) आणि तळ्याच्या परिसरात आधी राहून गेलेल्यांवरचं ते प्रकरण: केटो इंग्रॅहॅम, झिल्फा, ब्रिस्टर फ्रीमन. गुलामगिरीतून सुटलेल्या या लोकांनी तिथे घरं केली, कारण गावात चांगल्या जमिनीवर त्यांना थारा नव्हता. एलिस लेमायर यांचं 'ब्लॅक वॉल्डन' (2009) हे पुस्तक त्यांच्यावर आहे. या विषयात काम करणार असाल तर ते वाचलंच पाहिजे. तिथल्या छोट्या घराची परंपरा थोरोपासून सुरू होत नाही, एवढं तरी त्यातून पक्कं कळतं.

आता 'स्वेच्छा साधेपणा' ही संज्ञा. ती रूढ केली अमेरिकन लेखक रिचर्ड ग्रेग यांनी, 1936 साली. ग्रेग 1920 च्या दशकात भारतात येऊन गांधीजींच्या सहवासात राहिलेले. त्यांचा एक किस्सा त्या निबंधातच आहे: बाकी सगळं सोडता येईल, पण पुस्तकं सुटत नाहीत, असं त्यांनी गांधीजींना सांगितलं. गांधीजींचं म्हणणं पडलं, मग सोडू नका. कर्तव्य म्हणून सोडलंत तर मन त्याच्याचकडे धावेल. उत्तर सुंदर आहे. पण संशोधनाच्या दृष्टीने बघा, ही कसोटी पूर्णपणे मनाच्या आतली आहे. ग्रेगच्या व्याख्येने तुम्ही माणसाची ओढ मोजाल. सातबारा कुणाच्या नावावर आहे हे ती व्याख्या विचारतच नाही. पुढच्या बऱ्याच अभ्यासकांनी हीच व्याख्या प्रश्नावलीत उतरवली. माझ्या पहिल्या प्रश्नाचं मूळ तिथेच होतं.

थोरोवरून एकदम आजच्या काळात येते, कारण हीच वगळावगळी अलीकडे एका पुस्तकाचा सिनेमा होताना झाली. जेसिका ब्रुडर यांचं 'नोमॅडलँड' (2017) हे पत्रकाराने लिहिलेलं पुस्तक आहे. 2008 च्या मंदीनंतर घरं आणि बचत गमावलेली, बहुतेक साठीच्या आसपासची अमेरिकन माणसं व्हॅनमध्ये आणि ट्रेलरमध्ये राहून हंगामी कामं करत फिरतात: ॲमेझॉनची गोदामं, बीटाची कापणी, सरकारी कॅम्पांची राखण. ब्रुडर स्वतः व्हॅन घेऊन त्यांच्यात राहिल्या. पुस्तकातली मुख्य व्यक्ती लिंडा मे. ती एका चिमुकल्या ट्रेलरमध्ये राहते आणि त्या ट्रेलरच्या नावावर विनोदही करते. पण तिचं स्वप्न ट्रेलर नाही. तिला हवंय 'अर्थशिप', जुने टायर आणि माती वापरून बांधलेलं, स्वतःची वीज आणि पाणी जमवणारं घर. आणि त्यासाठी हवीय जमीन. पुस्तकाच्या शेवटाकडे ती ॲरिझोनाच्या वाळवंटात पाच एकर घेते. शंभर पानं फिरून झाली तरी बाई जमिनीवरच येते.

क्लोई झाओंचा सिनेमा (2020) तुम्ही पाहिला असेल. त्याला ऑस्करही मिळालं. सुंदर सिनेमा आहे, आभाळ तर काय वर्णावं. लिंडा मे त्यात स्वतःच्याच नावाने दिसते. पण कथा फर्नची आहे आणि फर्न काल्पनिक आहे. सिनेमात फर्नला दोनदा घर देऊ केलं जातं, एकदा बहिणीकडून, एकदा तिच्यावर जीव असलेल्या डेव्हकडून. दोन्ही वेळा ती नाही म्हणते. पटकथेच्या दृष्टीने हे दोनच प्रसंग आहेत, पण त्यांनी सगळा अर्थ फिरवला. आता ती घर नसलेली राहत नाही, घर नाकारणारी होते. गोदामातलं काम एक संथ, जवळजवळ शांत दृश्य म्हणून येऊन जातं. पुस्तकात त्याच कामाने दुखणारी मनगटं आणि गुडघे आहेत. सिनेमा खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. नाही म्हणणाऱ्या बायकाही असतात. पण पुस्तकाने जे यादीत घेतलं होतं ते सिनेमाने वगळलं, आणि थोरोसारखं खाली वाक्य लिहायला सिनेमात जागा नसते.

ब्रुडर यांची एक नोंद मात्र वहीत उतरवून घ्या. या भटक्यांमध्ये गोरे लोकच इतके जास्त का, असा प्रश्न त्या स्वतःच्याच कामाला विचारतात. रात्री अनोळखी रस्त्यावर गाडी लावून झोपणं, पोलिसाने काच ठोठावली तर हसून निभावणं, हे कातडीच्या रंगावरही अवलंबून असतं. सॅम्पलमध्ये कोण नाही हे सॅम्पलच्या आत बसून दिसत नाही.

काकांच्या उत्तराकडे परत येते. 'वाटणीत आलं, पण आता दुसरीकडं झोप लागत नाही.' यॉन एल्स्टर यांच्या 1983 च्या पुस्तकाचं नावच 'सावर ग्रेप्स' आहे, म्हणजे आपल्याच कोल्ह्याची आंबट द्राक्षं. जे मिळण्यासारखं नाही त्याची इच्छाच माणूस हळूहळू बदलून टाकतो, असा त्यांचा मुद्दा. वाचल्यावर मला वाटलं, सापडलं! काकांचं कोडं सुटलं. मग गाईडनी पुन्हा पाणी ओतलं: "त्यांना तिथे झोप लागते हे खोटं आहे का?" नाही, खोटं नाही. सिद्धांत हातात आला की समोरच्या माणसाचं समाधान आपण फार पटकन रद्द करतो. कोल्ह्याला कधीकधी द्राक्षं खरंच आवडत नसतील. थोरोचं स्वातंत्र्य खरं होतं आणि जमीन इमर्सनची होती. दोन्ही एकाच वेळी लिहिता आलं पाहिजे, आणि ते अवघड आहे.

'का निवडलंत' हा प्रश्न मी काढून टाकला. त्याऐवजी आता साध्या चौकशा आहेत. जागा कुणाच्या नावावर? याआधी इथे कोण राहत होतं? धुणं, पाणी, आजारपण कोण बघतं? खर्चाची यादी मी माणसालाच करायला सांगते, आणि झाली की विचारते, यात काय लिहायचं राहिलं. या शेवटच्या प्रश्नाला मिळणारी उत्तरं यादीपेक्षा लांब असतात, तेव्हा रेकॉर्डरची बॅटरी भरून न्या.

आणखी एक प्रश्न कॉलिन्सच्या पहाटे पाचवरून सुचला: उद्या सकाळी इथून निघायचं ठरलं, तर कुठे जाल? तो विचारायला मी काकांकडे परत गेले होते. त्यांनी चुलीतलं लाकूड जरा मागे ओढलं.

"जायचं कुठं ताई? पोरगं हाय पुण्याला. पण त्याच्याकडंबी एकच खोली."