रंग कोणत्या धातूला लावायचा?

शालेय पुस्तकांतील क्षरणाच्या धड्याबद्दल आमची एक जुनी तक्रार आहे. तीन परीक्षानळ्या, तीन खिळे आणि मग उपाय : रंग द्या, तेल लावा, जस्ताचा मुलामा द्या. यात चूक काही नाही. पण या धड्यातला धातू नेहमी एकटा असतो. व्यवहारात तो तसा क्वचितच भेटतो.

मोटारीचेच पाहू. १९४८ साली इंग्लंडमध्ये लँड रोव्हर ही गाडी आली. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून सांगाडा पोलादाचा ठेवून बाहेरचे बहुतेक पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. पत्रा पोलादाला टेकतो त्या फटीत खारट पाणी शिरले की तिथे चक्क विद्युत घट तयार होतो! ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन गमावते, ते पोलादाकडे जातात आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते तिथे स्वीकारतो. पत्र्याची हळूहळू पांढरी भुकटी होते.

आता वर्गात विचारा : दोहोंपैकी एकालाच रंग देता येणार असेल, तर कोणाला द्याल? ‘जो झिजतो त्याला’ हे उत्तर हमखास येते. धडा वाचून दुसरे येणार तरी कसे? पण त्या रंगावर एक ओरखडा पडला, की पोलादाच्या साऱ्या उघड्या पृष्ठभागाची मागणी तेवढ्या ओरखड्याला पुरवावी लागते आणि पत्र्याला तिथेच भोक पडते. रंग पोलादाला दिला, तर ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन घ्यायला जागाच उरत नाही. म्हणून रंग दोघांना द्यावा. एकालाच द्यायचा तर न झिजणाऱ्याला. ॲल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्यात पोलादाचा छोटा रिव्हेट बराच काळ चालतो, उलट जोडी मात्र लवकर बिघडते, त्याचेही कारण हेच.

धड्यातली क्रियाशीलता श्रेणीही इथे दगा देते. तीत ॲल्युमिनियम जस्ताच्या वर आहे. खाऱ्या पाण्यात मात्र ऑक्साइडच्या थरामुळे ते जस्ताहून कमी क्रियाशील ठरते, आणि मुलामा दिलेल्या स्क्रूवरचे जस्तच आधी झिजते. श्रेणी पाठ करून घेताना ती कोणत्या परिस्थितीतली, हे आपण सांगतो का?

पडताळा सोपा आहे. मिठाच्या पाण्यात लोखंडी खिळा व तांब्याची पट्टी ठेवून मल्टिमीटरने विद्युतधारा मोजा. इथे झिजणारे लोखंड. एका संचात खिळ्याला नेलपॉलिश लावून थोडासाच भाग उघडा ठेवा, दुसऱ्यात पट्टीला तसेच करा. कोणत्या संचात धारा अधिक घटते, ते विद्यार्थ्यांनाच वाचू द्या.