हुबेहूब आहे, पण खरं आहे का?

डीसीएस वर्ल्डमधलं एफ/ए-१८सी हॉर्नेट एकदा उडवून बघा. नुसतं इंजिन सुरू करायलाच काही मिनिटं जातात. विमानवाहू जहाजावर उतरताना अँगल ऑफ अटॅक ८.१ अंशांवर धरता धरता घाम फुटतो. कॉकपिटमधली बहुतेक बटणं खरोखर चालतात. इथे हा सिम्युलेटर अव्वल आहे, आणि आपली फसगत होते तीही इथेच.

वरवर पटणं म्हणजे फेस व्हॅलिडिटी. तो पुरावा नव्हे. विमानाचा वेग, वळण हे प्रसिद्ध तक्त्यांशी ताडून पाहता येतं. रडार जॅमिंगचे तपशील मात्र गुप्त असतात, तिथे अंदाजच बांधावा लागतो. पण स्क्रीनवर दोन्ही सारखेच ठाम दिसतात! शिवाय ७ जीचं वळण तुम्ही खुर्चीत आरामात घेता. अंधारी येते ती फक्त स्क्रीनवर.

म्हणून यावर संशोधन करायचं असेल तर प्रश्न जपून निवडा. 'सरावाने चेकलिस्टचा क्रम लक्षात राहतो का?' हा चालेल. 'खऱ्या लढाईत कोणतं विमान जिंकेल?' हा नाही. माझा पहिला प्रस्ताव वाचून गाईडनी एवढंच विचारलं होतं, "हा आकडा आला कुठून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असू द्या.