गुप्त औषधे आणि त्यांचे दोन टीकाकार

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात १९०९ हे साल एका विशेष कारणाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पेटंट औषधांच्या व्यापारावर त्या एकाच वर्षी लंडनमध्ये दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. पहिले ‘सीक्रेट रेमेडीज’. ते ब्रिटिश मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संस्थेने काढले. दुसरे ‘टोनो-बंगे’, ही एच्. जी. वेल्स यांची कादंबरी. एकाच्या हाती रसायनशाळेतील तराजू आहे, तर दुसऱ्याच्या हाती कादंबरीकाराची लेखणी. शत्रू मात्र दोघांचा एकच. हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले म्हणजे प्रत्येकाचे सामर्थ्य आपोआप कळते, आणि दोघांच्याही नजरेतून निसटलेली एक व्यक्ती हळूहळू डोळ्यांपुढे उभी राहते. ती व्यक्ती म्हणजे ते औषध विकत घेणारे गिऱ्हाईक. प्रस्तुत परीक्षणाचा हेतू वाचकांचे लक्ष तिकडे वेधावे एवढाच आहे.

प्रथम ‘पेटंट’ या नावाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. पेटंट घ्यावयाचे म्हणजे आपली कृती सरकारदरबारी उघड करावी लागते. या औषधांच्या मालकांस तर ती झाकूनच ठेवावयाची होती. म्हणून बहुतेकांनी पेटंट कधी घेतलेच नाही. नावाचा व वेष्टनाचा हक्क तेवढा राखला. शिवाय इंग्लंडातील १८१२ च्या कायद्याप्रमाणे अशा औषधाच्या पुडक्यावर कराचे तिकीट लावावे लागे. भोळ्या गिऱ्हाइकास हे तिकीट म्हणजे सरकारी शिफारसच वाटे, आणि हा गैरसमज दूर करण्याच्या भरीस मालक अर्थातच पडत नसत.

‘सीक्रेट रेमेडीज’ची पद्धत अगदी सरळ आहे. औषध बाजारातून विकत आणावयाचे, त्याचे पृथक्करण करावयाचे, आणि जाहिरातीतील दावा, आतील द्रव्ये व त्या द्रव्यांची किंमत या तीन गोष्टी वाचकांपुढे मांडावयाच्या. पृथक्करणाचे काम ज्या हॅरिसन नामक रसायनशास्त्रज्ञाने केले, त्याचेच नाव पुढे पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून सैनिकांचे रक्षण करणाऱ्या मुखवट्याच्या कामी गाजले. बीचमच्या सुप्रसिद्ध गोळ्यांचे उदाहरण घ्या. एका डबीचे मोल एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग आहे, अशी त्यांची जाहिरात होती. ५६ गोळ्यांची डबी १ शिलिंग १॥ पेन्सला विकली जाई. आत निघाले काय? कोरफडीचा बोळ, सुंठेची पूड आणि साबणाची पूड. आणि या सर्वांची किंमत सुमारे अर्धा फार्दिंग! हिशेब केला तर विक्रीची किंमत आतल्या मालाच्या १०८ पट भरते. ग्रंथकर्त्यांनी येथे संतापाचा एकही शब्द खर्च केलेला नाही. आकडा पुढे ठेवून ते बाजूला होतात, आणि वाचक स्वतःच संतापतो. उपरोधाचा इतका संयमी नमुना वाङ्मयातही क्वचितच सापडतो.

या ग्रंथाचा दणका किती बसला हे वृत्तपत्रांच्या वर्तनावरून दिसते. अनेक पत्रांनी त्याची जाहिरात छापण्याचेच नाकारले. कारण त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग या औषधवाल्यांकडून येत होता. पुढे १९१२ मध्ये पार्लमेंटने चौकशी-समिती नेमली. तिचा अहवाल बाहेर पडला तो दिवस ४ ऑगस्ट १९१४ हा होता. त्याच दिवशी इंग्लंड युद्धात उतरले, आणि अहवाल बाजूस पडला तो पडलाच.

इतका गुणी ग्रंथ असूनही त्यात एक उणीव आहे, आणि ती लहान नाही. तीन गोष्टी मांडणाऱ्यांनी चौथी मांडली नाही. ती म्हणजे डॉक्टरची फी. लंकाशायरच्या गिरणीतील मजुराची बायको शिलिंगाची तुलना अर्ध्या फार्दिंगाशी करीत नव्हती. ती डॉक्टरला बोलावण्याच्या खर्चाशी करीत होती. १९११ च्या विम्याच्या कायद्याने मजुरास डॉक्टर मिळाला, पण त्याच्या बायकामुलांस मिळाला नाही. त्यांच्यापर्यंत सरकारी वैद्यकसेवा पोहोचण्यास १९४८ साल उजाडावे लागले. ‘तुम्ही फसलात’ असे गिऱ्हाइकास सांगणारी संस्था डॉक्टरांची होती, आणि ‘मग आम्ही जावे कोठे?’ या त्याच्या प्रश्नास तिच्या ग्रंथात उत्तर नाही.

आता वेल्स यांच्याकडे वळू. औषधांच्या दुकानाचा त्यांस स्वानुभव होता. १८८१ मध्ये मिडहर्स्ट या गावी एका औषधविक्रेत्याकडे त्यांनी थोडे दिवस उमेदवारी केली होती. कादंबरीतील एडवर्ड पाँडेरेव्हो हा असाच आडगावचा औषधवाला. सट्ट्यात स्वतःचे व पुतण्याचेही पैसे घालवून तो लंडन गाठतो आणि ‘टोनो-बंगे’ नावाचे शक्तिवर्धक काढून कुबेर होतो. पुतण्या जॉर्ज हा कथेचा निवेदक. बाटलीत काही अर्थ नाही, किंबहुना थोडा अपायच आहे, हे शास्त्राचा विद्यार्थी असलेल्या जॉर्जला पक्के ठाऊक असते. तरीही लग्नासाठी पैसा हवा म्हणून तो काकाच्या धंद्यात शिरतो. या प्रसंगी वेल्स यांची प्रतिभा खरी फुलली आहे. लबाडी दुष्ट माणसेच करतात हा सोयीचा समज त्यांनी मोडून काढला आहे. काका लबाड खरा, पण लोभस आहे. आपल्या जाहिरातींवर कवीने कवितेवर करावे तसे प्रेम करणारा आहे. औषधामागून साबण येतो, साबणामागून घरगुती वस्तूंची कंपनी येते, एका कंपनीच्या पोटातून दुसरी निघते, आणि अखेर सारा डोलारा कोसळून काका परमुलुखात मरतो. औषधाची बाटली आणि कंपनीचा शेअर यांत विकले जाते ते एकच, माणसाचा विश्वास, हे वेल्स यांचे सूत्र आहे व त्यांनी ते समर्थपणे सिद्ध केले आहे.

परंतु ही बाटली घरी घेऊन जाणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाच्या घरात कादंबरीकार आपणांस नेत नाही. उत्तरार्धात तर तो विमाने आणि दूरदेशीच्या मोहिमा यांतच रमतो. विकणाऱ्याचे मन त्याने तळापर्यंत पाहिले. घेणारा मात्र ‘जनता’ या मोघम नावाखाली बाहेरच उभा राहिला.

हा घेणारा कोण होता, हे पाहण्यास हिंदुस्थानचे उदाहरण उपयोगी पडेल. या व्यापाराची एक वाट इकडूनच गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थानातील फौजेत असलेल्या डॉक्टर कॉलिस ब्राउन यांनी पटकीवर ‘क्लोरोडाइन’ तयार केले. त्यात अफूचा अर्क, भांगेचा अर्क व क्लोरोफॉर्म होते. पुढे लंडनमध्ये भरलेल्या त्याच्या बाटल्या परत या देशात येऊ लागल्या. मुंबईत केंप, ट्रीचर यांसारख्या विलायती औषधविक्रेत्यांचा माल घेणारा वर्ग साहेबलोकांचा व सुखवस्तूंचा; पण गरिबाची गरज तीच होती. इंग्लंडच्या गिरणगावांत कामावर जाणारी आई तान्ह्या मुलास ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ म्हणजे काकवीत कालवलेली अफू पाजी. मुंबईच्या गिरणीत जाणारी आई ‘बाळागोळी’ देई, आणि तीतही अफूच. या दोघींना कोणी जाहिरातीने भुरळ घातली असे म्हणणे अन्यायाचे होईल. मूल झोपी जाईल हे त्यांस ठाऊक होते. भोंगा वाजल्यापासून सुटीपर्यंतची ती झोपच त्या विकत घेत होत्या. त्यांस ठाऊक नव्हते ते एवढेच, की गोळीत अथवा बाटलीत अफू किती आहे. गुप्ततेचा खरा अपराध येथे आहे. अर्ध्या फार्दिंगाचा साबण शिलिंगाला घेतल्याने खिसा हलका होतो; अफूचे प्रमाण लपविल्याने मूल जाते.

सुदैवाने कायद्याने अखेर याच मर्मावर बोट ठेवले. हिंदुस्थानातील १९४० च्या औषध-कायद्याने आणि इंग्लंडातील १९४१ च्या कायद्याने घटकद्रव्ये सांगणे भाग पाडले. आणि १९५४ मध्ये आपल्याकडे चमत्कारिक उपायांच्या जाहिरातींसही आळा घालण्यात आला. या सुधारणांचे श्रेय ‘सीक्रेट रेमेडीज’च्या शिस्तबद्ध तराजूस बरेचसे दिले पाहिजे, आणि ‘टोनो-बंगे’ ही त्या काळाची सर्वांत जिवंत साक्ष आहे याविषयी दुमत होऊ नये. तथापि ज्या आईने ती गोळी उगाळली तिची बाजू सांगणारा तिसरा ग्रंथ या दोहोंच्या शेजारी हवा होता. मराठीत तो लिहू इच्छिणाऱ्यास साधनांची वाण पडणार नाही. आपल्या जुन्या मासिकांच्या मलपृष्ठांवरील औषधांच्या जाहिराती आणि गिरणगावातील वृद्ध स्त्रियांच्या तोंडच्या हकीकती एवढ्या सामग्रीवरही त्यास उत्तम आरंभ करता येईल.