वाडा कोणी सांभाळला?

दिवाळीत आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज आला, 'काटोलकडचा वाडा विकायचा नाही, जपायचा. सजेशन्स द्या.' अर्ध्या तासात होमस्टेचं नाव, लोगो, संत्र्याच्या बागेतला नाश्ता, सगळं ठरलं. त्या वाड्यात आज फक्त माझी आत्या राहते. तिचं लग्न झालं नाही. आजी-आजोबांचं शेवटचं सगळं तिनंच केलं. ती ग्रुपवर नाही.

त्या रात्री मी महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' पुन्हा वाचलं. इंजिनिअरिंगला असताना वाचलं, तेव्हा ते पडझडीचं नाटक वाटलं होतं. दारात गंजत उभा ट्रॅक्टर, सारखी वेळ विचारणारी म्हातारी दादी, संपत आलेली देशमुखी ऐट. त्याबद्दल बोललंही असंच जातं. या वेळी मला ते उलटं दिसलं. हे वाडा उभा ठेवण्याचं नाटक आहे, आणि त्याची किंमत कोण मोजतं याचा हिशोब त्यात आहे.

एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, पण नागपुरात मुरलेले. 1985 मध्ये विजया मेहतांनी हे नाटक रंगमंचावर आणलं. धरणगावच्या देशपांड्यांकडे तात्याजी वारलेत. मुंबईहून सुधीर आणि अंजली आलेत. तेराव्याचा खर्च, शेत, दागिने यांवर बोलायचा हक्क भास्कर आणि सुधीर या दोन भावांचा. घरातली कामं मात्र धाकटा चंदू मुकाट उपसतो. प्रभाला शिकायचं होतं, वडिलांनी शिकू दिलं नाही. वहिनी एका रात्री घराण्याचे दागिने अंगावर घालते. तो प्रसंग वाचताना कळतं की सोनं बायकांच्या अंगावर असतं, मालकी घराण्याची असते.

प्रभाची चिडचिड मला पूर्वी स्वभावदोष वाटायची. मग मी कायदा वाचला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात कलम 23 होतं. कुटुंब राहत असलेल्या घरात मुलीचा वाटा निघत असला, तरी पुरुष वारस वाटणी करायचं ठरवेपर्यंत तिला ती मागता येत नसे. अविवाहित, विधवा, नवऱ्यानं टाकलेली किंवा त्याच्यापासून वेगळी झालेली मुलगी तिथं राहू शके. बस, तेवढंच. घर अखंड राहावं म्हणून तिनं थांबायचं. नाटक आलं तेव्हा हे कलम लागू होतं. ते रद्द झालं 2005 मध्ये. मधे 1994 साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्मानं हक्क दिला, त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. योगायोग असा की त्याच वर्षी चंद्रकांत कुलकर्णींनी 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त'सह अख्खी त्रयी सादर केली. एलकुंचवार कुठंही कलमं सांगत नाहीत. प्रभाच्या तुटक बोलण्यातून ती ऐकू येतात.

नाटकाबद्दल एक तक्रार आहे. वाडा शेतीवर उभा, पण शेतात राबणारं एकही माणूस पात्र म्हणून येत नाही. देशपांड्यांच्या ऱ्हासाचं दुःख आपण घरातूनच पाहतो. कापूस वेचणाऱ्या बाईला तो ऱ्हास कसा दिसला असेल, हे नाटक विचारत नाही.

म्हणून मला जळगावचा चौधरी वाडा आठवतो. बहिणाबाईंचं सासर. आज तिथं त्यांचं स्मारक-संग्रहालय आहे. त्या शेतात राबत, घरात दळत-कांडत ओव्या म्हणत. लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर यांनी त्या उतरवून घेतल्या. 1951 मध्ये त्या गेल्या, पुढच्या वर्षी पुस्तक आलं. तो वाडा जपला गेला तो राबणाऱ्या बाईच्या नावानं. असे जपलेले वाडे किती असतील? बाकी ठिकाणी कर्त्या पुरुषाची तसबीर आणि झोपाळा.

घर जपणं म्हणजे सागवानी खांबांना पॉलिश करणं नव्हे. ते आजवर कुणामुळे टिकलं, हे कबूल करण्यापासून जपणं सुरू होतं. 'वाडा चिरेबंदी' आजही लागतं ते यामुळे. वाडे जातील, पण ही कबुली द्यायची वेळ प्रत्येक घरावर येते.

दुसऱ्या दिवशी आत्याला फोन केला. होमस्टेचं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "पहिले मागच्या भिंतीची ओल पाहून जा. अन् सातबारा पाहजो, माझं नाव हाये का त्यावर."

सातबारा आता फोनवरच दिसतो. काढला. दोन नावं होती, काकांचं आणि बाबांचं. ग्रुपवर लोगोच्या खाली तो स्क्रीनशॉट टाकला आणि लिहिलं, 'माझं सजेशन.'