मंडईचे नाटक आणि उठलेले गाव

गोसीखुर्दच्या धरणापासून फार दूर नसलेल्या एका गावी गेल्या मोसमात मंडईच्या रात्रीचे नाटक पाहण्याचा योग आम्हांस आला. नाटकाचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही; त्याच्यासारखी पुष्कळ असतात, आणि आमचे म्हणणे त्या एकट्याविषयी नाही. कथानक परिचयाचेच. थोरला मुलगा शहरात जातो, तेथे बिघडतो, माता तुळशीपाशी दिवा लावून वाट पाहते, आणि शेवटच्या अंकी पश्चात्तापदग्ध पुत्र उंबरठ्यावर डोके टेकतो. नटांची कामे कसदार होती. मातेची भूमिका करणाऱ्या बाईंनी पहाटे तीनच्या सुमारास सारा मंडप रडविला. आम्हीही कोरडे राहिलो असे नाही. परंतु डोळे पुसून शेजारच्या मंडळींकडे पाहिले तेव्हा मनात आले की, डोके टेकावयास उंबरठाच उरलेला नाही अशी माणसे यांत किती असतील?

पुण्यामुंबईच्या वाचकांस झाडीपट्टीच्या रंगभूमीचा परिचय बेताचाच असावा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हा तिचा मुलूख. धान कापून झाले की भाऊबीजेपासून गावोगाव मंडया भरू लागतात, आणि होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. वडसा हे या व्यवसायाचे मुख्य ठाणे. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो तो उजाडता पडतो. त्या रात्री लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, मुलगा-मुलगी दाखविण्याचे कार्यक्रमही उरकून घेतले जातात. परदेशी नाट्यमालिका उन्हाळ्यात भरतात असे आपण वाचतो. आमच्या झाडीत उन्हाळा हा नाटकाचा नव्हे, गाव सोडण्याचा ऋतू. हंगाम उतरणीस लागला की चंद्रपूर-गडचिरोलीकडील मजूर मिरची तोडावयास तेलंगणात जातात. २०२० च्या टाळेबंदीत त्यांतले कित्येक तिकडेच अडकून पडले होते. म्हणजे नाटकाची रात्र ही पांगलेल्यांच्या एकत्र येण्याची रात्र होय. प्रेक्षकांत परागंदा माणूस बसलेला असतोच. रंगमंचावर मात्र तो अभावानेच दिसतो.

धरणाने या पांगण्यास निराळेच रूप दिले. वैनगंगेवरील या प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. तो केव्हाच मागे पडला. २००९ साली त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अडीच लक्ष हेक्टर जमीन भिजविण्याचे उद्दिष्ट लहान नव्हे, आणि पाण्याची महती धान पिकविणाऱ्या मुलखास सांगावयास नको. तथापि ते पाणी पवनी तालुक्यात व पलीकडे नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात ज्या गावांवर चढले, ती गावे उठली. मजुरीस गेलेला मनुष्य मागे एक घर ठेवून जातो. धरणाने उठविलेल्या मनुष्याचे मागे काहीच राहत नाही.

आमच्या नाटकाची पंचाईत नेमकी येथे आहे. स्थलांतराचे नाटक आपण आजवर बहुधा मागे राहिलेल्या घरातूनच पाहिले. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) हे आमच्याच विदर्भाचे आणि निःसंशय थोर नाटक. पण त्यात मुंबईस गेलेला सुधीर वडिलांच्या मृत्यूनंतर पाहुण्यासारखा येतो व जातो. त्याची मुंबईची खोली आपणांस दिसत नाही. दिसतो तो वाडा. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'त अमेरिकेतील मुलगा हा नाना-नानींच्या दिवाणखान्यातील एक पोकळी आहे. हे दोष म्हणून सांगत नाही. पडद्याआडच्या माणसाचे वजन रंगमंचावर पाडणे ही मोठी कला आहे. चेकॉव्हने 'चेरी ऑर्चर्ड'मध्ये (१९०४) शेवटी बंद घर, त्यात विसरून राहिलेला म्हातारा नोकर आणि कुऱ्हाडीचे आवाज एवढेच ठेवले. निघून गेलेली मंडळी पुढे कोठे निजली हे त्याने सांगितले नाही. आर्थर मिलरच्या 'अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज'मध्ये (१९५५) इटलीहून चोरून आलेले दोघे भाऊ आहेत खरे, परंतु शोकांतिका होते ती त्यांस आसरा देणाऱ्या एडीची. घर कोणाचे, त्याचे नाटक, असाच काहीसा हा न्याय दिसतो.

निघालेल्यांच्या पाठोपाठ जाणारे एक नाटक मात्र आम्हांस आठवते: बिजन भट्टाचार्यांचे बंगाली 'नवान्न' (१९४४). दुष्काळाने उठलेले शेतकरी कुटुंब कलकत्त्याच्या रस्त्यावर येते, तर रंगमंचही त्याच रस्त्यावर येतो. पण त्या कुटुंबातली उरलीसुरली माणसे अखेर गावी परततात आणि नव्या धानाचा सण साजरा होतो. बिजनबाबूंस ती वाट मोकळी होती. गोसीखुर्दच्या नाटककारास ती नाही; त्याच्या शेवटच्या अंकाच्या जागी पाणी आहे.

कोणी म्हणतील, विश्वास पाटलांनी 'झाडाझडती'त (१९९१) धरणग्रस्तांची कथा सांगितलीच आहे. ती कादंबरी होय, आणि कादंबरीस बिऱ्हाड हलविणे सोपे असते. नाटकास एक ठिकाण लागते. ते ठिकाण नवे गावठाण का असू नये, असे आमचे विचारणे आहे. एकसारख्या आखलेल्या भूखंडांची रांग; जुन्या गावी भिंतीला भिंत असलेले शेजारी आता निरनिराळ्या वसाहतींत; मोबदल्याच्या पैशावरून दोन भावांत पडलेली तेढ; उन्हाळ्यात नदीच्या रेतीत टरबूज-डांगर लावणारा ढिवर, ज्याच्यापुढे आता पाणी अफाट आहे पण रेती नाही. आणि गावच्या देवाची मूर्ती हलविली तर मंडई कोणत्या वसाहतीने भरवावी? या एका प्रश्नावर तीन अंकी नाटक उभे राहील, आणि त्यात हसावयासही पुष्कळ मिळेल.

लोक रात्रभर जागतात ते मनोरंजनासाठी, त्यांच्यापुढे त्यांचेच दुःख कशाला, असा आक्षेप एका संचालकाने आमच्याशी बोलताना घेतला. तो आम्हांस पटला नाही. शेतकऱ्याची आत्महत्या, दारू, हुंडा हे विषय याच मंडपात लावणीच्या शेजारी बसून खपले आहेत. खरी अडचण भाषेची असावी. या नाटकांत नायक पुस्तकी मराठी बोलतो आणि झाडीबोली विनोदी पात्राच्या वाट्यास येते. ज्याचे गाव बुडाले तो गृहस्थ आपले गाऱ्हाणे पुस्तकी भाषेत मांडू लागला तर प्रेक्षक त्यास ओळखणार नाहीत, आणि बोलीत मांडू लागला तर सवयीने हसतील. ही सवय मोडण्याचे काम नाटककाराचे आहे; नटांच्या अंगी ते सामर्थ्य आहे, हे त्या मातेच्या भूमिकेत आम्ही पाहिलेच.

त्या रात्री अंकांच्या मधल्या वेळात वर्गणीदारांची नावे ध्वनिक्षेपकावरून गावासह पुकारली जात होती. एका वृद्ध गृहस्थांचे नाव निवेदकाने पुनर्वसन वसाहतीच्या नावाने पुकारले. ते आमच्या पुढच्या रांगेत बसले होते. काठी टेकीत ते रंगमंचापर्यंत गेले, निवेदकाच्या कानाशी काही बोलले, आणि नाव पुन्हा पुकारले जाईपर्यंत तेथेच उभे राहिले. या वेळी गावाचे नाव जुने होते. पुढचा अंक त्यामुळे पाचएक मिनिटे उशिरा सुरू झाला. कोणी कुरकुर केली नाही.